दोघांची संमती आणि तिसरे जहाज: हॅलिफॅक्सच्या अरुंद मार्गातील टकरीचा प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी उसाचे गाळप सुरू झाले त्या सुमारास आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही एकच प्रकरण सलग चार बैठकांत अभ्यासले. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदराच्या अरुंद मार्गात ‘इमो’ आणि ‘माँ ब्लाँ’ या दोन जहाजांची टक्कर झाली, ते हे प्रकरण. वर्ग कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या घराच्या गच्चीवर भरतो. मी जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे, आणि व्यापारी नौदलाच्या परीक्षांची तयारी करणारी कागल, शिरोळ, हातकणंगले भागातील दहा-बारा मुले-मुली सकाळी माझ्याकडे येतात. समुद्र इथून घाट उतरून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही हा विषय आम्हाला परका नाही, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाऊंड्रीत तयार होणारी कास्टिंग्ज कंटेनरमध्ये बसून न्हावा शेवालाच जातात आणि तिथून बाहेर पडताना मुंबई बंदराच्या त्याच एका गजबजलेल्या तोंडातून जातात.

हॅलिफॅक्सवर लिहिणारे बहुतेक जण स्फोटावर लिहितात, आणि ते साहजिक आहे. माँ ब्लाँवर सुमारे २,९०० टन स्फोटके होती. टकरीनंतर वीस मिनिटांच्या आत ती उडाली आणि सुमारे १,८०० माणसे मेली, ९,००० च्या आसपास जखमी झाली. आम्ही मात्र त्या सकाळचा साडेसात ते पावणेनऊ हा सव्वा तासच अभ्यासाला घेतला. अणुबॉम्बपूर्व काळातील माणसाने घडवलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत ज्याची गणना होते, तो स्फोट मुळात एका साध्या मार्गभंगातून, म्हणजे जहाजाने आपली बाजू सोडण्यातून आला, आणि तसा मार्गभंग आजही कुठल्याही बंदरात घडू शकतो.

प्रकरण कसे मांडले

गच्चीच्या फरशीवर खडूने मार्ग आखला. डावीकडे म्हणजे पश्चिमेला हॅलिफॅक्स शहर, उजवीकडे डार्टमथ, वर बेडफर्ड बेसिन नावाचा प्रशस्त, सुरक्षित जलाशय, खाली समुद्राकडचे तोंड, आणि जलाशय व खालचे बंदर यांना जोडणारा तो चिंचोळा भाग, ज्याला तिथले लोक नुसते ‘अरुंद’ अशा अर्थाच्याच नावाने ओळखतात. मुलांचे पाच गट केले. चार गटांकडे चार जहाजे दिली आणि पाचव्याकडे किनाऱ्यावरचा परीक्षण अधिकारी, म्हणजे जहाजांच्या ये-जा वर देखरेख ठेवणारा नौदलाचा माणूस. प्रत्येक गटाला स्वतंत्र कागद होता आणि त्यावर त्या जहाजावरून त्या क्षणी जे दिसू किंवा ऐकू येऊ शकत होते तेवढेच लिहिलेले होते. दुसऱ्याच्या कागदात डोकावायचे नाही, आणि शेवट ठाऊक आहे म्हणून आधीच्या माणसाला शहाणपण शिकवायचे नाही, एवढ्या दोन अटी घातल्या. दुसरी अट पाळणे मुलांना फार जड गेले. ती मलाही जड जाते.

मार्ग आणि त्याचा नियम

पहिली अडचण आमच्या सवयीची होती. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, पाण्यात मात्र प्रत्येक जहाजाने आपली उजवी कड धरायची असते, म्हणजे समोरासमोर येणारी दोन जहाजे एकमेकांच्या डाव्या अंगाने जातात. मुलांनी पहिल्या रविवारी बाण नेमके उलटे काढले आणि ते पुसून पुन्हा काढावे लागले. हॅलिफॅक्समध्येही हीच रीत होती, आणि त्या भागात वेगाची मर्यादा ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर होती. आज जगभर लागू असलेल्या १९७२ च्या टक्कर प्रतिबंधक नियमावलीतील नववा नियम हेच सांगतो. अरुंद मार्गाने जाणाऱ्या जहाजाने, सुरक्षित आणि शक्य असेल तितके, आपल्या उजव्या हाताच्या कडेजवळ राहावे. १९७७ पासून अमलात असलेला हा नियम एका ओळीत पाठ होतो. तो का मोडला जातो हे समजायला जास्त वेळ लागतो.

कडेने चालणे जहाजाला सुखाचे नसते. किनाऱ्याच्या उतारालगत जहाज गेले की त्या बाजूच्या अरुंद फटीतून पाणी जोराने वाहते, तिथला दाब घटतो, जहाजाची पिछाडी किनाऱ्याकडे ओढली जाते आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, मार्गाच्या मध्याकडे ढकलले जाते. वेग जितका जास्त तितका हा ओढा जास्त. उथळ पाण्यात वेग वाढला की जहाज पाण्यात आणखी खालीही बसते. म्हणून अनुभवी पायलटचाही, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराचाही, हात नकळत मध्याकडे जातो, आणि मार्ग रिकामा असेल तर त्याने काही बिघडतही नाही. बिघडते ते समोरून कोणी आले की. हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण नियम मोडणारा माणूस आळशी किंवा उद्धट असलाच पाहिजे असे गृहीत धरले की प्रकरण तिथेच संपते आणि शिकण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. शिरोळच्या एका मुलाच्या घरी ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. जहाजाला ब्रेक नसतो, इंजिन उलटे फिरवले तरी ते कितीतरी अंतर पुढेच जाते, असे मी सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, “सर, डबल ट्रॉली भरलेली असली की आमचंबी तसंच हाय. पुढच्याला वाटतं हा थांबंल, पण मागची ट्रॉली ढकलत राहती.” यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडले नसते. अरुंद पुलावर दोन भरलेल्या डबल ट्रॉल्या समोरासमोर आल्या की दोघांपैकी कोणालाच मागे सरता येत नाही. म्हणून जाणते चालक पुलाच्या तोंडाशीच थांबतात, समोरच्याला येऊ देतात आणि मग निघतात.

तिसरी गोष्ट भोंग्याची. तेव्हा जहाजाजहाजांत बोलायला आजच्यासारखा व्हीएचएफ रेडिओ नव्हता. एक आखूड भोंगा म्हणजे मी माझ्या उजवीकडे जातो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजिन उलटे फिरते आहे. ही भाषा आजही तीच आहे. तिच्यात काय करतो हे सांगता येते, का करतो हे सांगता येत नाही, आणि त्या सकाळी नेमकी या दुसऱ्याच गोष्टीची गरज होती.

आदली संध्याकाळ

इमो हे नॉर्वेचे जहाज बेल्जियममधील युद्धपीडितांसाठी मदतीचे धान्य-सामान आणायला न्यूयॉर्कला निघाले होते. तपासणीसाठी ३ डिसेंबरला ते हॅलिफॅक्सला आले आणि बेडफर्ड बेसिनमध्ये थांबले. ५ तारखेला निघण्याची परवानगी मिळाली होती, पण कोळसा उशिरा आला. तो भरून होईपर्यंत पाणबुड्या अडवण्यासाठी बंदराच्या तोंडाशी लावलेली जाळी रात्रीपुरती बंद झाली होती. इमोची एक रात्र वाया गेली.

त्याच जाळीने दुसऱ्या बाजूला माँ ब्लाँलाही अडवले. हे फ्रेंच जहाज न्यूयॉर्कहून पिक्रिक आम्ल, टीएनटी आणि गनकॉटन ही स्फोटके भरून आले होते, शिवाय डेकवर बेंझॉल या चटकन पेटणाऱ्या द्रवाची पिंपे रचलेली होती. बेसिनमध्ये जमणाऱ्या ताफ्यात सामील होऊन त्याला युरोपकडे जायचे होते. युद्धापूर्वी असा माल घेऊन आतल्या बंदरात येता येत नसे, पण जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने ते बंधन सैल झाले होते. संध्याकाळी जहाजावर चढलेले पायलट फ्रान्सिस मॅकी यांनी कप्तान एमे ल मेदेक यांच्याकडून मालाची माहिती घेतली आणि सोबत संरक्षक नौका वगैरे काही विशेष व्यवस्था आहे का, असे विचारले. तशी काहीच नव्हती. धोक्याचा माल दाखवणारा लाल बावटाही लावलेला नव्हता, कारण युद्धकाळात तो लावणे म्हणजे शत्रूला नेम दाखवणे. त्यामुळे सकाळी समोरून येणाऱ्या कोणालाच हे जहाज इतर जहाजांहून वेगळे आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

किनाऱ्यावर मुख्य परीक्षण अधिकारी कमांडर वायट होते. इमो आदल्या दिवशी निघणार होते एवढे त्यांना ठाऊक होते. ते अडकले आणि दुसऱ्या सकाळी निघत आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पायलट बाहेर जाणाऱ्या जहाजांची वर्दी देत नाहीत, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे आधी केली होती. आमच्या पाचव्या गटाचा कागद म्हणूनच जवळपास कोरा होता. कागल भागातील ज्या मुलीकडे तो होता, तिने तो उलटा करून पाहिला आणि विचारले, “सर, माझ्या कागदावर काही छापायचं राहिलं का?” राहिले नव्हते. त्या अधिकाऱ्यासमोर त्या सकाळी तेवढेच होते.

सव्वा तास

सकाळी साडेसातच्या सुमारास दोन्ही जहाजे हलली. हवा स्वच्छ होती, आणि ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण टक्कर म्हटली की आपण आधी धुके शोधतो. इमोवर पायलट विल्यम हेज आणि कप्तान हाकोन फ्रोम होते. गेलेली रात्र भरून काढायची म्हणून इमो मर्यादेपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने अरुंद भागात शिरले. ते समुद्राकडे जात होते, म्हणजे त्याची उजवी कड पश्चिमेची, हॅलिफॅक्सच्या बाजूची.

पण त्याच पश्चिम कडेने ‘क्लारा’ नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज वर येत होते. क्लारा चुकीच्या बाजूला होते. दोन्ही पायलटांनी खुणा करून एकमेकांच्या उजव्या अंगाने जायचे ठरवले, म्हणजे इमोने आपली कड सोडून पूर्वेकडून जायचे. दोघेही सुखरूप गेले. नियम मोडला गेला होता, पण दोघांच्या संमतीने, दोघांना समजेल अशा रीतीने, आणि कोणालाही ओरखडा न उठता.

यानंतर लगेच ‘स्टेला मारिस’ ही टग, म्हणजे दुसऱ्या नौका ओढणारी बोट, समोर आली. दोन बार्ज, म्हणजे मालाचे सपाट तराफे, ओढत ती मार्गाच्या मध्याजवळून वर चालली होती. आमच्या शिरोळच्या मुलाने तिला लगेच ओळखले, ती तिथली डबल ट्रॉली. तिचे कप्तान होरेशियो ब्रॅनन यांनी इमोचा वेग पाहिला आणि आपली टग पश्चिम किनाऱ्याकडे नेली. हेही समजूतदारपणाचेच होते. पण त्यामुळे इमोला आपल्या कडेकडे परतण्याची जागा उरली नाही आणि ते आणखी पूर्वेला, डार्टमथच्या किनाऱ्याकडे सरकले.

आणि डार्टमथच्या किनाऱ्याने, आपल्या उजव्या कडेने, नियमाप्रमाणे, माँ ब्लाँ वर येत होते.

मॅकी यांना इमो दिसले तेव्हा अंतर सुमारे सव्वा किलोमीटर होते. त्यांनी एक आखूड भोंगा दिला, म्हणजे मी उजवीकडे आहे आणि तिथेच राहणार. उत्तर आले दोन भोंग्यांचे, मी डावीकडे जातो. मॅकी यांनी इंजिन थांबवायला लावले, जहाज किनाऱ्याकडे आणखी थोडे सरकवले आणि पुन्हा एक भोंगा दिला. पुन्हा दोन आले. आसपासच्या जहाजांवरचे खलाशी हे उलटसुलट भोंगे ऐकून कठड्याशी जमा झाले.

इथे आम्ही हिशेब मांडला. दोन्ही जहाजे ५ नॉटनेच चालत आहेत असे धरले तरी ती ताशी साडेअठरा किलोमीटरने एकमेकांकडे येत होती, म्हणजे सव्वा किलोमीटर संपायला चार मिनिटे. इमोचा वेग त्याहून जास्त होता. भोंगा द्यायचा, उत्तराची वाट पाहायची, नीट ऐकले का म्हणून पुन्हा द्यायचा, सुकाणू फिरवायचे, जहाज वळू लागेपर्यंत थांबायचे. मुलांनी हे सगळे घड्याळ लावून करून पाहिले आणि एकाही गटाचे चार मिनिटांत जमले नाही.

पुढचे झटपट घडले. किनाऱ्यावर जहाज चढवावे तर धक्क्याने माल पेट घेईल, ही भीती मॅकी यांना होती. अखेरच्या क्षणी त्यांनी सुकाणू पूर्ण डावीकडे वळवून माँ ब्लाँ इमोच्या नाळेसमोरून पलीकडे काढले. दोन्ही जहाजे जवळजवळ समांतर झाली आणि क्षणभर वाटले असेल की सुटलो. तेवढ्यात इमोने तीन भोंगे दिले, इंजिन उलटे. इमो रिकामे होते, पाण्यात उंच तरंगत होते आणि त्याचा पंखा उजव्या फिरकीचा होता. असा पंखा उलटा फिरवला की पिछाडी डावीकडे ओढली जाते आणि नाळ उजवीकडे फिरते. उजवीकडे माँ ब्लाँ होते. पावणेनऊच्या सुमारास इमोची नाळ माँ ब्लाँच्या पहिल्या मालकोठीत घुसली.

टक्कर तशी जोराची नव्हती. पिंपे फुटली, बेंझॉल कोठीत गळले, इमो मागे सरताना लोखंडाला लोखंड घासून ठिणग्या उडाल्या. फ्रेंच खलाशी होड्यांतून ओरडत किनाऱ्याकडे गेले, पण त्यांची भाषा फार थोड्यांना समजली. जळते जहाज वाहत हॅलिफॅक्सच्या सहाव्या धक्क्याला लागले. आग विझवायला धावलेल्यांत स्टेला मारिस होती. ब्रॅनन आणि त्यांचे बहुतेक सहकारी त्यात गेले. नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. घराच्या काचेच्या खिडकीशी उभे राहून आग पाहणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली. स्फोटाबद्दल मी मुलांना एवढेच सांगितले.

गच्चीवर काय दिसले

चारही गटांनी आपापला कागद वाचून निर्णय घेतले आणि मग सगळे कागद एकत्र ठेवले. क्लाराच्या गटाला काही चुकल्यासारखे वाटतच नव्हते. त्यांनी समोरच्याला विचारले होते, त्याने होकार दिला होता, दोघे सुखरूप गेले होते, आणि त्यांच्या कागदावर गोष्ट तिथे संपत होती. स्टेला मारिसच्या गटाने तर वाट मोकळी करून दिली होती. इमोच्या गटाचे म्हणणे होते की आम्ही डावीकडे गेलो नाही, आम्हाला दोनदा ढकलले गेले, आणि दोन भोंगे दिले ते उद्धटपणाने नव्हे तर पश्चिमेकडे जागा नव्हती म्हणून. माँ ब्लाँचा गट चिडलेला होता. आपण नियमाने चाललो आणि तरी आपल्यावर हे आले, असे त्यांना वाटत होते.

या प्रकरणातून मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. अरुंद मार्गात दोन जहाजांनी संमतीने नियम बाजूला ठेवला तर ती सोय त्या दोघांची असते, पण तिचा भार मागून येणाऱ्या, त्या बोलण्यात नसलेल्या तिसऱ्या जहाजावर पडतो. माँ ब्लाँने क्लारा आणि इमो यांच्यातील खुणा पाहिल्या नव्हत्या. त्याच्या दृष्टीने इमो विनाकारण त्याच्या कडेला घुसत होते. आणि नियमाचा खरा उपयोगही हाच असतो, की न विचारता, न बोलता, दिसण्याआधीच समोरचा कुठे असेल हे कळावे. दोघांनी आपसात दुसरे काही ठरवले की मार्गातील उरलेल्या सर्वांचे ते कळणे नाहीसे होते. पुन्हा आपल्या कडेला परत येण्याची जागा आणि वेळ हाताशी असल्याशिवाय अशी संमती देऊ नये, आणि दिली तर ती मार्गातील सर्वांना ऐकू जाईल अशी द्यावी. इमोपाशी जागा नव्हती, वेगामुळे वेळही नव्हता आणि सर्वांना ऐकवायचे साधनही नव्हते.

दोषाची वाटणी

१३ डिसेंबरला न्यायाधीश आर्थर ड्रायस्डेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी सुरू झाली. इमोचे कप्तान फ्रोम आणि पायलट हेज स्फोटात मेले होते. साक्ष द्यायला माँ ब्लाँची माणसे होती. शहर दुःखाने वेडे झाले होते, इमोच्या नॉर्वेजियन सुकाणूवाल्याला जर्मन हेर समजून काही काळ अटकेतही ठेवले होते. फेब्रुवारी १९१८ च्या अहवालात सगळा दोष माँ ब्लाँचा ठरला. मॅकी, ल मेदेक आणि वायट यांच्यावर मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले, पण न्यायालयात टिकले नाहीत. पुढे नुकसानभरपाईचा दावा वरच्या न्यायालयांत गेला. १९१९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, आणि २२ मार्च १९२० रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, दोन्ही जहाजांना सारखेच दोषी ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानातील दाव्यांचीही त्या काळी शेवटची पायरी हीच होती.

जो जिवंत आहे त्याच्याकडून आपण उत्तर मागतो आणि जो मेला त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते, ही गोष्ट मला दर वेळी खटकते. पहिल्या अहवालाने टकरीसाठी एकट्या माँ ब्लाँला धरले ते मला अन्यायाचे वाटते. त्याचबरोबर, इंजिन लवकर उलटे न फिरवता दोन्ही जहाजे भोंगे वाजवत जवळ येत राहिली, हेही खरे आहे, आणि बरोबर बाजूला असणे हे थांबण्याच्या कर्तव्यातून सुटका देत नाही. आजच्या नियमांत पाच किंवा अधिक आखूड भोंग्यांचा संकेत आहे, त्याचा अर्थ तुमचा हेतू मला समजत नाही. दुसऱ्या वेळी दोन भोंगे ऐकल्यावर हाच संकेत द्यायचा आणि त्याच क्षणी जहाज थांबवायचे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत नाही, करवून घेतो.

क्लाराच्या पायलटवर मात्र कोणताही आरोप ठेवला गेला नाही. टकरीच्या वेळी क्लारा तिथे नव्हते.

मुंबईच्या तोंडाशी

मुलांना हे शंभर वर्षांपूर्वीचे वाटू नये म्हणून तिसऱ्या बैठकीत मी दुसरा नकाशा काढला. मुंबई बंदर आणि न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर यांची जहाजे समुद्राकडे एकाच मुख्य मार्गाने ये-जा करतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी दहाच्या आधी न्हावा शेवाहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईकडे येणारे ‘खलिजिया ३’ यांची तिथे टक्कर झाली. चित्रा कलंडले, शेकडो टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडून मार्गात तरंगू लागले, आणि त्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. सहा महिने होण्याच्या आत, ३० जानेवारी २०११ ला, ‘नॉर्डलेक’ हे व्यापारी जहाज आणि नौदलाची ‘विंध्यगिरी’ याच बंदरात धडकली. विंध्यगिरीला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्याशी बुडाली. रेडिओ होता, रडार होते, मोठ्या व्यापारी जहाजांवर स्वतःची ओळख आणि वेग आपोआप कळवणारे एआयएस यंत्रही होते.

साधने वाढली याचा फायदा मोठा आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे. १९४८ मध्ये लिव्हरपूलला किनाऱ्यावरून रडारने बंदर पाहण्याची सोय झाली. आज मोठ्या बंदरांत जहाज वाहतूक नियंत्रण केंद्र असते, त्याला सगळा मार्ग एका पडद्यावर दिसतो, आणि आमच्या पाचव्या गटाचा कोरा कागद तिथे भरलेला असतो. पण व्हीएचएफवर दोन कप्तानांनी आपसात बोलून उलट्या अंगाने जायचे ठरवणे आजही सुरू आहे, आणि बोलण्यात गेलेली मिनिटे भोंग्यात गेलेल्या मिनिटांइतकीच महाग असतात. मी नोकरीत असताना एका बंदरात आमच्या जहाजाने अशीच संमती दिली होती. काही झाले नाही, आणि काही झाले नाही म्हणूनच त्या रात्री कोणी त्याची नोंदही केली नाही. त्यानंतर मागून कोण येत होते हे मी पाहिले नव्हते, ही आठवण आजही मला अस्वस्थ करते.

म्हणून केंद्राचे काम अंतर मोजण्यापुरते नसावे, असे माझे मत आहे. दोन मोठी जहाजे अरुंद भागात समोरासमोर येणारच नाहीत असे वेळापत्रक आखणे, धोक्याचा माल असलेल्या जहाजासाठी तो भाग काही काळ एकमार्गी करणे, आणि एखादे जहाज आपली कड सोडते आहे असे दिसताच ते तिसऱ्या, चौथ्या जहाजाला सांगणे, ही कामे पायलटच्या चातुर्यावर सोडता येत नाहीत. यांपैकी सर्वांत महत्त्वाचे मला तिसरे वाटते.

चौथी बैठक

शेवटच्या रविवारी गट तेच ठेवले आणि सर्वांना पहिल्या कागदावर परत आणले. या वेळी एवढीच मुभा दिली की प्रत्येक गटाने टक्कर टाळायला कोणती एक गोष्ट वेगळी केली असती, ती सांगायची. माँ ब्लाँचा गट पाच भोंगे आणि लगेच उलटे इंजिन म्हणाला. क्लाराचा गट बराच वेळ आपसात बोलत राहिला आणि मग म्हणाला की आम्ही संमती मागितलीच नसती, वेग कमी करून आमच्या कडेला परत गेलो असतो. पाचव्या गटातील मुलीने आपल्या कोऱ्या कागदावर फक्त ‘इमो निघाले का?’ हा प्रश्न लिहिला होता.

इमोच्या गटाकडून मी वेग कमी करण्याचे उत्तर अपेक्षित धरले होते. शिरोळचा मुलगा म्हणाला, “सर, आपण बेसिनमधनं निघायचंच न्हाई. समोरची दोघं वर येऊ देत, मग निघू.” मी विचारले, आणि किती वेळ गेला असता? त्याने हिशेब केला. ५ नॉटने एक सागरी मैल जायला १२ मिनिटे, त्या हिशेबाने दोन मैल असले तरी २४ मिनिटे. इमोची अख्खी रात्र तर आधीच कोळशापायी गेली होती. मग त्यांनी बेसिनच्या तोंडाशी खडूने एक गोल काढला, त्यात ‘इमो’ लिहिले, आणि क्लारा व तिच्यामागून दोन बार्ज ओढत येणारी स्टेला मारिस वर येऊन बाजूला होईपर्यंत त्या गोलाला हात लावू दिला नाही.